मुख्याध्यापक–शिक्षक संबंध (महाराष्ट्र)

मुख्याध्यापक–शिक्षक संबंध म्हणजे शाळेचे प्रमुख, त्यांचे सहकारी शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांच्यात रोजच्या कामकाजातून घडत जाणारा व्यवहार, त्यातील सवयी व परस्परांकडून असलेल्या अपेक्षा होत. महाराष्ट्रातील खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांमध्ये या संबंधांना विशेष स्वरूप प्राप्त झाले आहे. येथे कर्मचाऱ्यांची नेमणूक संस्था करते, वेतन शासन देते आणि प्रत्यक्ष काम मुख्याध्यापकाच्या देखरेखीखाली चालते. त्यामुळे मुख्याध्यापकाकडे जबाबदारी मोठी असली, तरी नेमण्याचा, काढण्याचा किंवा वेतन वाढविण्याचा अधिकार त्याच्याकडे जवळजवळ नसतो. त्याचा अधिकार प्रामुख्याने वेळापत्रक, रजा, कामाची वाटणी, अभिलेख आणि स्वतःचे वर्तन यांच्या आधारे चालतो.

या संबंधांचे नियमन काही अंशी कायद्याने, तर बरेचसे प्रघाताने होते. दोन्ही ठिकाणी बिघाड झाल्यास त्याचा पहिला परिणाम वर्गावर, म्हणजे रिकाम्या गेलेल्या तासावर दिसतो.

स्वरूप आणि व्याप्ती

माध्यमिक शाळेच्या कर्मचारीवृंदात मुख्याध्यापक, विद्यार्थिसंख्येनुसार मंजूर असल्यास उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक, सहायक शिक्षक, लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक किंवा परिचर आणि शिपाई यांचा समावेश होतो. बोलण्यातील संबोधनांवरूनही या रचनेतील अंतर व जवळीक लक्षात येते. पुरुष शिक्षकांस ‘सर’, शिक्षिकांस ‘मॅडम’ किंवा ‘बाई’, लिपिकास ‘भाऊसाहेब’, शिपायास ‘मामा’ आणि महिला सेविकेस ‘मावशी’ म्हणण्याची पद्धत ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. वयाने लहान असलेला मुख्याध्यापकदेखील वयस्कर शिपायास ‘अहो मामा’ असेच संबोधतो. हा शिष्टाचार नियमात कोठेही लिहिलेला नाही. परंतु तो मोडला गेल्यास त्याची चर्चा शाळाभर होते.

शाळा हे समव्यवसायींचे कार्यस्थळ आहे. कारखान्यात किंवा कचेरीत वरिष्ठ आणि कनिष्ठ यांची कामे वेगळी असतात. शाळेत मात्र मुख्याध्यापकही मुळात शिक्षकच असतो आणि काही तास स्वतः शिकवतो. कालपर्यंत शिक्षक दालनात शेजारच्या खुर्चीवर बसणारी व्यक्ती आज प्रमुखाच्या कक्षात बसते. या समानतेमुळे आज्ञेपेक्षा संमतीने काम करून घेण्याला महत्त्व येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील खाजगी शिक्षणसंस्थांच्या इतिहासात सहकाऱ्यांमधील संबंधांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्यातील डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर हे त्यांना लवकरच येऊन मिळाले. १८८४ मध्ये सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. अल्प वेतनावर संस्थेची सेवा करण्याचे बंधन स्वीकारणारे आजीव सदस्य हाच संस्थेचा कणा होता. संस्थेत कोणी एक मालक नसून कारभार या सदस्यांच्या विचाराने चालत असे.

टिळक आणि आगरकर हे डेक्कन कॉलेजपासूनचे मित्र होते. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकत्र शिक्षा भोगली होती. तरीही संस्था वाढू लागल्यावर त्यांच्यात मतभेद निर्माण झाले. समाजसुधारणेविषयीच्या भिन्न भूमिका हे त्याचे एक कारण होते. त्याखेरीज प्रश्न होते ते कार्यस्थळाचे: आजीव सदस्यांचे वेतन वाढवावे काय, सदस्याने संस्थेबाहेरील काम किती पत्करावे आणि बाहेरील मिळकतीवर हक्क कोणाचा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यावर बाहेरील कामाचा प्रश्न पुन्हा पुढे आला. अखेरीस १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. त्यांच्या जाण्याने रिक्त झालेले गणिताचे अध्यापन १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याकडे आले. आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये आगरकर महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

सर्व सहकारी विद्वान, निःस्वार्थी आणि परस्परांचे जुने स्नेही असतानाही वेतन, वेळ व बाहेरील काम यांविषयीचे नियम सर्वांना सारखे वाटले नाहीत, तर सहकार्य टिकत नाही, हे या प्रकरणातून दिसून येते. आजच्या शाळांमधील कुरबुरींचे विषयही साधारणतः हेच असतात.

स्वातंत्र्योत्तर काळात संस्थांची व शाळांची संख्या वाढली. १९७७ चा कायदा लागू होण्यापूर्वी खाजगी माध्यमिक शाळांचा कारभार मुख्यतः माध्यमिक शाळा संहितेनुसार चाले. शिक्षकांच्या नोकरीला पुरेसे वैधानिक संरक्षण नव्हते आणि संस्थाचालकांची मर्जी हाच अनेक ठिकाणी सेवेचा आधार होता. अशा स्थितीत मुख्याध्यापक हा संस्थेचा माणूस की शिक्षकांचा, हा प्रश्न सतत उपस्थित होई. संरक्षण मिळाल्यानंतर त्याची तीव्रता कमी झाली. मात्र तो पूर्णपणे मिटलेला नाही.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांनी सेवाशर्ती निश्चित केल्या. दैनंदिन संबंधांवर परिणाम करणाऱ्या त्यांतील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

ज्येष्ठता: मुख्याध्यापकपदी साधारणतः संस्थेतील पात्र, समाधानकारक सेवा असलेल्या व ज्येष्ठतम शिक्षकाची नेमणूक करावी लागते. अल्पसंख्याक शाळांना प्रमुखाच्या निवडीबाबत सूट आहे. नियमावलीच्या ‘फ’ अनुसूचीनुसार ज्येष्ठता यादी तयार करून ती कर्मचाऱ्यांना दाखवावी लागते, त्यावर त्यांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्या लागतात आणि हरकतींचा विचार करावा लागतो. शिक्षक दालनातील अनेक दीर्घकालीन वैरांचे मूळ या यादीत असते. रुजू झाल्याचा दिनांक, प्रशिक्षित पदवी प्राप्त केल्याचा दिनांक आणि प्रवर्ग यांवर क्रम ठरत असल्यामुळे वयाने मोठा शिक्षक यादीत खाली असू शकतो. यादी दरवर्षी वेळेवर फिरविणे व हरकतीस लेखी उत्तर देणे हा वाद टाळण्याचा सर्वांत सोपा उपाय मानला जातो.

गोपनीय अहवाल: कर्मचाऱ्याच्या कामाचा वार्षिक अहवाल लिहिला जातो आणि प्रतिकूल शेरे संबंधितास लेखी कळवावे लागतात. शासकीय सेवेसंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निर्णयात, केवळ प्रतिकूलच नव्हे तर प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे, असे तत्त्व मांडले. वर्षभर काहीही न बोलता वर्षाखेरीस शेरा मारणे हे यामुळे अनुचित ठरते.

शिस्तभंग: ताकीद, ठपका, वेतनवाढ रोखणे यांसारख्या किरकोळ शिक्षा आणि पदावनती, सेवासमाप्ती यांसारख्या मोठ्या शिक्षा असा भेद नियमावलीत केलेला आहे. मोठ्या शिक्षेपूर्वी तीन सदस्यांच्या समितीमार्फत चौकशी करावी लागते. शिक्षकाच्या बाबतीत एक सदस्य संस्थेचा, एक त्या शिक्षकाने कोणत्याही खाजगी शाळेच्या कर्मचाऱ्यांतून निवडलेला आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या नामिकेतील असतो. मुख्याध्यापकाची चौकशी असल्यास तिसरा सदस्य पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांतून घेतला जातो. आरोप असलेल्या व्यक्तीचा न्याय तिच्याच व्यवसायातील लोकांच्या सहभागाने व्हावा, हे या रचनेमागील तत्त्व आहे.

दाद: बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलले जाणे याविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा पहिली ते आठवीच्या वर्गांना लागू आहे. नियमित व वेळेवर उपस्थित राहणे हे त्यात शिक्षकाचे कर्तव्य म्हणून नोंदविले आहे. तयारीच्या वेळेसह आठवड्याला किमान ४५ तास काम अपेक्षित आहे. शिक्षकास खाजगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना नेमता येत नाही. ही शेवटची तरतूद अमलात आणताना मुख्याध्यापक अनेकदा तहसील कार्यालय आणि आपले सहकारी यांच्या मध्ये सापडतो.

दैनंदिन व्यवहार

वेळापत्रक

जून महिन्यात तयार होणारे वेळापत्रक हा मुख्याध्यापकाच्या निःपक्षपातीपणाचा वर्षातील पहिला पुरावा असतो. एखाद्यास लागोपाठ चार तास, दुसऱ्यास दोन तासांमध्ये विश्रांती, एखाद्याकडे दहावीचे सर्व वर्ग तर कोणाकडे सतत शेवटचा तास अशी वाटणी झाली, तर कारण विचारले जाते. तासांची संख्या सारखी असली तरी भार सारखा असेलच असे नाही. भाषाशिक्षकाला निबंधाच्या वह्या तपासाव्या लागतात, विज्ञानशिक्षकाला प्रयोगाची मांडणी करावी लागते, तर क्रीडाशिक्षकाला उन्हात मैदानावर उभे राहावे लागते. या भिन्न श्रमांची दखल सभेत उघडपणे घेतली गेल्यास वाटणीविषयीची कुरबूर कमी होते. पर्यवेक्षकाने तयार केलेला कच्चा आराखडा शिक्षक दालनात दोन दिवस लावून सूचना मागविणे हा एक उपयुक्त प्रघात आहे.

बदली तास

गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर दुसऱ्या शिक्षकास पाठविणे, म्हणजेच बदली तास देणे, ही रोजची आणि सर्वांत नाजूक बाब आहे. बदली तासांची वही नियमित ठेवली नाही, तर नकार न देणाऱ्या शिक्षकाकडेच ते तास वारंवार जातात. ‘मऊ लागले म्हणून कोपराने खणणे’ ही म्हण शिक्षक दालनात बहुधा याच संदर्भात ऐकू येते. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे महिन्याची बेरीज मांडली आणि ती सर्वांना पाहता आली, तर वाटणी आपोआप सरळ होते. मुख्याध्यापकाने स्वतःच्या नावावरही बदली तास घेणे हे त्या वहीला वजन देते.

उपस्थिती व उशीर

हजेरीपटावरील, म्हणजेच मस्टरवरील, स्वाक्षरी आणि काही ठिकाणी बायोमेट्रिक यंत्र यांद्वारे उपस्थिती नोंदविली जाते. शाळेच्या वेळेत बाहेर जाणाऱ्याने हालचाल नोंदवहीत वेळ व कारण लिहिणे अपेक्षित असते. उशिराच्या बाबतीत दोन टोकांच्या सवयी आढळतात. काही ठिकाणी लाल शाईचा शेरा प्रत्येकाला सारखाच मिळतो. काही ठिकाणी कोणाची गाडी चुकली आणि कोण रोजच उशिरा येतो, यात भेदच केला जात नाही. पहिली पद्धत कठोर असली तरी समान असते. दुसरीमुळे वेळेवर येणाऱ्यांचा उत्साह मावळतो. प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापक स्वतः मैदानावर उपस्थित असणे हा वक्तशीरपणाचा सर्वांत परिणामकारक उपाय असल्याचे अनुभवी प्रमुख सांगतात.

रजा

किरकोळ रजा हा हक्क आहे की सवलत, यावर वाद घालण्यापेक्षा एका दिवशी किती शिक्षकांना सोडता येईल, हे आधी ठरविणे व्यवहार्य असते. लग्नसराई, यात्रा व शेतीचा हंगाम या काळात अनेकांचे अर्ज एकदम येतात. अर्ज आलेल्या क्रमाने रजा द्यायची, मात्र आजारपण व मृत्यू यांना क्रम लावायचा नाही, असा संकेत बहुतेक शाळांत पाळला जातो. रजेचा अर्ज मंजूर न करता आणि नाकारताही न टेबलावर पडू देणे ही सर्वाधिक तक्रारींची सवय आहे.

वर्गनिरीक्षण

मुख्याध्यापक सहकाऱ्याच्या वर्गात बसून अध्यापन पाहतो आणि आपली निरीक्षणे लॉगबुकात नोंदवितो. शिक्षकाचे टाचण, वार्षिक नियोजन आणि विद्यार्थ्यांच्या वह्याही पाहिल्या जातात. निरीक्षणाचा हेतू सुधारणा हा असल्यामुळे चूक विद्यार्थ्यांसमोर दाखवू नये, हा या व्यवसायातील सर्वमान्य संकेत आहे. चांगल्या नोंदीत नेमकेपणा असतो. ‘अध्यापन समाधानकारक’ या ठरीव शेऱ्यापेक्षा फळ्यावरील आकृतीतील चुकलेले नाव किंवा मागील बाकावरील मुलांना न विचारलेला प्रश्न यांचा उल्लेख शिक्षकास उपयोगी पडतो.

सभा आणि सूचना

सूचना वहीवर स्वाक्षरी घेणे ही लेखी संवादाची जुनी पद्धत आहे. अलीकडे व्हॉट्सॲप गटावरून सूचना देण्याची सवय रूढ झाली आहे. तिच्यामुळे वेग वाढला; परंतु रात्री उशिरा माहिती मागविणे, गटावर एखाद्याला सर्वांसमोर जाब विचारणे आणि संदेश पाहिला म्हणजे आदेश मिळाला असे गृहीत धरणे, असे नवे तंटेही उद्भवले. व्यक्तिगत चूक व्यक्तिगत भेटीत सांगावी आणि सर्वांना लागू असणारी सूचना लेखी द्यावी, हा जुना नियम या माध्यमालाही लागू पडतो.

शिक्षक दालनातील संबंध

वेतनातील तफावत

एकाच दालनात आज अनेक प्रकारच्या सेवाशर्ती असलेले शिक्षक बसतात. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नियुक्त झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू आहे; त्यानंतरच्यांना अंशदायी योजना लागू झाली. जुन्या योजनेच्या मागणीसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, तेव्हा या विभागणीची तीव्रता सर्वांसमोर आली. सन २००० मध्ये सुरू झालेल्या शिक्षण सेवक योजनेनुसार नवीन शिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर काम करतो. माध्यमिक स्तरावरील हे मानधन २०२३ मध्ये दरमहा ८,००० रुपयांवरून १८,००० रुपये करण्यात आले. विनाअनुदानित व अंशतः अनुदानित तुकड्यांवरील शिक्षकांचे वेतन याहून वेगळे असते.

तास, वह्या आणि निकालाची जबाबदारी सारखी असताना वेतनात अनेक पटींचे अंतर असते. हे अंतर मिटविणे मुख्याध्यापकाच्या हातात नसते. मात्र कमी वेतनाच्या शिक्षकाकडे जास्तीची कामे न सोपविणे, समारंभाच्या वर्गणीत सर्वांना एकच रक्कम न लावणे आणि त्याच्या कामाचे श्रेय त्याच्याच नावावर नोंदविणे हे त्याला निश्चितच करता येते.

पतसंस्था व जामीनकी

शिक्षकांच्या सहकारी पतसंस्थांमधून कर्ज घेताना सहकारी एकमेकांना जामीन राहतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासदाच्या वेतनातून संस्थेची येणी कापून घेता येतात. मूळ कर्जदाराने हप्ते थकविल्यास वसुलीचा भार जामीनदाराच्या पगारावर येऊ शकतो. शब्दाखातर दिलेली स्वाक्षरी पुढे मैत्री तोडण्यास कारणीभूत झाल्याची उदाहरणे जवळजवळ प्रत्येक शाळेत सांगितली जातात. त्यामुळे वरिष्ठाने कनिष्ठाकडे जामीनकी मागू नये, हा संकेत महत्त्वाचा ठरतो; कनिष्ठाला नकार देणे अवघड असते.

गट व निवडणुका

विधान परिषदेत शिक्षकांचे प्रतिनिधित्व असून महाराष्ट्रात सात शिक्षक मतदारसंघ आहेत. नाशिक विभाग हा त्यांपैकी एक आहे. याखेरीज पतसंस्था, शिक्षक संघटना व मूळ शिक्षणसंस्था यांच्या निवडणुका होतात. या काळात दालनात गट पडतात. चहाचे टेबल वेगळे होणे हे त्याचे पहिले चिन्ह असते. मुख्याध्यापकाने मत कोणास दिले यापेक्षा, निवडणुकीनंतर त्याने बदली तास कोणाला दिले, याकडे सर्वांचे लक्ष असते.

शिक्षकेतर कर्मचारी

वेतनदेयके, सेवापुस्तके, शालार्थ प्रणालीतील नोंदी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे लिपिकाकडे असतात. सेवापुस्तकातील एक चुकलेली नोंद निवृत्तीनंतर वर्षभर हेलपाटे घालायला लावू शकते. लिपिकाच्या कामाच्या वेळी त्याच्याभोवती गप्पांचा अड्डा जमू न देणे आणि शिपायास शिक्षकांची घरगुती कामे न सांगणे, या दोन साध्या पथ्यांवर शाळेच्या कार्यालयाचे स्वास्थ्य अवलंबून असते.

सहकाऱ्याचा प्रमुख होणे

ज्येष्ठतेच्या नियमामुळे शिक्षक बहुधा सेवेच्या अखेरच्या टप्प्यात मुख्याध्यापक होतो. निवृत्तीचे वय ५८ असल्याने अनेकांना हे पद दोन-तीन वर्षेच मिळते. व्यवस्थापनाचे वेगळे प्रशिक्षण पुरेसे मिळालेले नसते आणि ज्यांच्यावर देखरेख ठेवायची ते वीस-पंचवीस वर्षांचे सोबती असतात.

अशा वेळी तीन अडचणी संभवतात. पहिली, जुन्या मित्रांना सवलत देण्याची; दुसरी, ती दिली असे दिसू नये म्हणून मित्रांवरच अधिक कठोर होण्याची; आणि तिसरी, ज्येष्ठतेच्या वादात मागे पडलेल्या सहकाऱ्याशी संवाद तोडण्याची. पद स्वीकारल्यानंतर पहिल्याच आठवड्यात मागे पडलेल्या सहकाऱ्याशी स्वतःहून बोलणे आणि त्याच्या अनुभवास साजेशी जबाबदारी सोपविणे ही रीत हितावह ठरते. शिक्षक दालनात रोज जाऊन बसणे थांबवावे काय, याबाबत मतभिन्नता आहे. काहींच्या मते अंतर आवश्यक असते. काहींच्या मते मधल्या सुट्टीतील चहा सोडणे म्हणजे वार्ता समजण्याचे दार बंद करणे होय.

रयत शिक्षण संस्थेसारख्या, अनेक जिल्ह्यांत शाखा असलेल्या संस्थांमध्ये मुख्याध्यापकांची बदली होते. त्यामुळे जुन्या स्नेहाचा व वैराचा भार कमी होतो. एकाच शाळेची संस्था असल्यास मात्र तीच माणसे दोन-तीन दशके एकमेकांसोबत राहतात आणि आजचा कटू शब्द निरोप समारंभापर्यंत लक्षात राहतो.

मतभेदांचे निवारण

साध्या तक्रारींसाठी पायरी-पायरीने पुढे जाण्याची पद्धत रूढ आहे. प्रथम एकांतात तोंडी बोलणे, त्यानंतर पर्यवेक्षकाच्या उपस्थितीत चर्चा, मग लेखी समज आणि शेवटी कारणे दाखवा नोटीस. पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट नोटीस दिल्यास प्रकरण संघटनेकडे आणि तेथून शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे जाते. याउलट, वर्षानुवर्षे केवळ तोंडी समज देत राहिल्यास गंभीर प्रसंगी दाखविण्यास कागद उरत नाही. भेट झाल्यावर दिनांक, विषय व ठरलेली गोष्ट यांची दोन ओळींची नोंद ठेवणे दोन्ही पक्षांना संरक्षण देते.

पालक किंवा संस्थाचालक यांच्यासमोर सहकाऱ्याची बाजू ऐकून न घेता त्याला दोषी ठरवू नये, हा मुख्याध्यापकाकडून अपेक्षित असलेला किमान न्याय मानला जातो. शिक्षकांकडूनही हीच अपेक्षा असते: दालनातील मतभेद वर्गात, विद्यार्थ्यांच्या कानी किंवा गावात जाऊ देऊ नयेत.

पाठराखणीच्या मर्यादा

सहकाऱ्याची बाजू घेण्यास कायद्याने स्पष्ट मर्यादा आहेत. विशाखा प्रकरणातील १९९७ च्या निर्णयानंतर कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ संमत झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असते, किमान निम्मे सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करायची असून चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. कर्मचारी दहापेक्षा कमी असल्यास किंवा तक्रार नियोक्त्याविरुद्धच असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. समितीची नावे केवळ फलकावर असणे पुरेसे नाही. एखाद्या शिक्षिकेने बोलण्याचे धाडस केल्यावर ‘घरातली गोष्ट घरात मिटवू’ असे सांगणे हे कायद्याच्या विरुद्ध आहे.

विद्यार्थ्यासंबंधी गुन्ह्याची माहिती मिळाल्यास, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) नुसार ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. आपल्या हाताखालील कर्मचाऱ्याच्या गुन्ह्याची माहिती संस्थाप्रमुखाने न कळविल्यास त्याला एक वर्षापर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. येथे शाळेचे नाव, निकाल किंवा वीस वर्षांची मैत्री यांपैकी कोणतेही कारण ग्राह्य ठरत नाही.

ग्रामीण भागातील स्वरूप: नामपूर परिसर

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील नामपूर हे मोसम नदीकाठचे बाजारगाव असून तेथे स्वतंत्र कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. कांदा व डाळिंब ही या परिसरातील महत्त्वाची पिके होत. अशा बाजारगावांतील शाळांमध्ये कार्यस्थळाच्या संबंधांना काही स्थानिक छटा येतात.

सटाणा किंवा मालेगाव येथे राहून रोज ये-जा करणारे आणि गावातच राहणारे, असे शिक्षकांचे दोन वर्ग पडतात. एस.टी. चुकली की पहिला तास गावातील शिक्षकाकडे जातो, आणि सायंकाळच्या जादा तासांचा भारही त्याच्याकडेच येतो. ये-जा करणाऱ्याला पहिला तास न देणे ही सोय वाटते. परंतु तिच्या बदल्यात त्याच्याकडून दुसरे कोणते काम घेतले जाते, हे स्पष्ट नसल्यास ती पक्षपात ठरते.

अनेक शिक्षकांचे कुटुंब शेतकरी असते. कांदा काढणी, बाजारभावातील चढउतार, गारपीट यांचा परिणाम शिक्षकांच्या मनःस्थितीवर तसाच विद्यार्थ्यांच्या उपस्थितीवरही होतो. या काळातील रजांचे आगाऊ नियोजन शहरातील शाळेपेक्षा येथे अधिक आवश्यक ठरते. शिवाय सहकारी हे केवळ सहकारी नसतात. ते भाऊबंद, सोयरे, शेताचे शेजारी किंवा एकाच सोसायटीचे सभासदही असतात. बांधावरचा वाद शिक्षक दालनात येऊ शकतो, तसाच शाळेतील समेट बांधावर उपयोगी पडतो. संस्थाचालक, पालक आणि शिक्षक एकाच लग्नमंडपात भेटत असल्यामुळे लेखी कारवाई टाळण्याकडे कल असतो. त्यामुळे कडवटपणा टळतो, हे खरे. परंतु कामचुकारपणाला अभय मिळण्याचा धोकाही त्यातच असतो.

विद्यार्थ्यांवरील परिणाम

शिक्षकांमधील दुरावा विद्यार्थ्यांना फार लवकर उमगतो. दोन विषयशिक्षकांचे बोलणे बंद असल्यास एकाच दिवशी दोन चाचण्या लागतात, स्नेहसंमेलनाची तालीम एकाच्या तासावर होते आणि मागे पडलेल्या मुलाविषयी कोणी कोणास सांगत नाही. सलोखा असलेल्या शाळेत हीच माहिती मधल्या सुट्टीत सहज पोहोचते. अमुक मुलगी आठ दिवस आली नाही, तमुक मुलाचे वडील वारले, याला फळ्यावरचे दिसत नाही, अशा गोष्टी कोणत्याही नोंदवहीत प्रथम येत नाहीत. त्या एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जातात. मूल शाळेत टिकणे अनेकदा या बोलण्यावर अवलंबून असते.

त्यामुळे मुख्याध्यापक–शिक्षक संबंधांचे मूल्यमापन करताना दालनात किती स्नेह आहे, एवढाच निकष पुरेसा ठरत नाही. परस्परांविषयी विशेष आवड नसलेल्या व्यक्तीही निःपक्षपाती वाटणी, वेळेवर दिलेले उत्तर आणि ठेवलेला शब्द यांच्या आधारे एकत्र उत्तम काम करू शकतात. घंटा झाल्यावर प्रत्येक वर्गात शिक्षक उपस्थित असणे, ही या संबंधांच्या स्वास्थ्याची सर्वांत साधी आणि रोज तपासता येणारी खूण आहे.

हेही पाहा

डेक्कन एज्युकेशन सोसायटी
रयत शिक्षण संस्था
शिक्षण सेवक योजना
बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९
नामपूर